नेरूळ नव्हे, नेरळ! दोन फुटांची गाडी जिवंत कोण ठेवतं?

ज्यांना हा एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा जे लोकलमध्ये चढले आणि मग इअरफोन घरी राहिल्याचं कळलं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलतानाचे "अं", "म्हणजे" आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसं बोललो तसंच.

००:४० – आधी एक गोंधळ

मी उरणचा. आता उरणकरांना "नेरूळ" म्हटलं की लगेच कळतं. १२ जानेवारी २०२४ ला आपल्याकडे लोकल आली आणि नेरूळ हे आपलं जंक्शन झालं. पण २०१६ मध्ये, कॉलेजात असताना, आम्ही माथेरानला जायचं ठरवलं. ग्रुपवर मेसेज टाकला, "सकाळी ७, नेरळ स्टेशन." आमच्यातला एक गडी बरोबर ७ वाजता पोचला आणि फोन करून विचारतोय, "कुठायत रे तुम्ही? मी नेरूळला उभा आहे!"

तो दीड-दोन तासांनी आला, तोवर आम्ही चार चहा संपवले होते. पण खरा पोपट पुढे झाला. ज्या मिनी ट्रेनसाठी आम्ही नेरळला जमलो होतो, ती बंद होती. मे महिन्यात काही दिवसांच्या अंतराने दोनदा गाडीचे डबे रुळावरून घसरले होते आणि सेवा थांबवली होती. आमच्यापैकी एकानेही बातमी वाचली नव्हती. शेवटी टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो आणि तिथून रुळांच्या कडेकडेने गावात चालत.

तेव्हा पहिल्यांदा ते रूळ नीट बघितले. इवलेसे, गंज धरलेले, मधे गवत वाढलेलं. मला वाटलं, संपलं हे. आता इथे परत गाडी काही येत नाही.

मी चुकलो होतो. आजचा एपिसोड त्याबद्दल आहे: ही गाडी कोणी बांधली, कशी वर चढते, किती वेळा बंद पडली, आणि अशी छोटी रेल्वे जिवंत राहते ती नक्की कोणामुळे.

०३:१० – एका बापलेकाचा हट्ट

माथेरानचं "शोध लागणं" म्हणजे इंग्रजांच्या कागदावर येणं. आदिवासी लोक त्या डोंगरात आधीपासून होतेच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे चढला, आणि मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या काळात थंड हवेचं ठिकाण म्हणून त्याचा विकास सुरू झाला. खाली नेरळपर्यंत मोठी रेल्वे होती. पण नेरळहून वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर आपले पाय.

इथे येतात सर आदमजी पीरभॉय, मुंबईतले बोहरा समाजातले बडे उद्योगपती. त्यांना माथेरान फार आवडायचं आणि ते वारंवार जायचे. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, १९०० च्या सुमारास वर रेल्वे नेण्याचा आराखडा केला. १९०४ मध्ये काम सुरू झालं. पैसे वडिलांनी घातले, सुमारे १६ लाख रुपये. त्या काळचे १६ लाख, बरं का! २२ मार्च १९०७ ला नेरळ-माथेरान मार्ग सुरू झाला.

म्हणजे ही काही सरकारने आखलेली योजना नव्हती. एका कुटुंबाला वाटलं की इथे गाडी हवी, आणि त्यांनी ती बांधली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव सोलापूर-लातूरकडच्या लोकांच्या कामाचं आहे, कारण बार्शी लाइट रेल्वे याचीच. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ मध्ये बार्शीला पोचली, पुढे पंढरपूरला वारकऱ्यांना घेऊन गेली, लातूरपर्यंतही गेली. कॅलथ्रॉपचं म्हणणं साधं होतं: छोट्या रुळांची गाडी म्हणजे कमअस्सल गाडी नव्हे. नीट डिझाइन केली तर कमी पैशात भरपूर काम करते. आणि एक बोनस माहिती: याच माणसाने नंतर "गार्डियन एंजल" नावाचं पॅराशूट बनवलं. आधी माणसं डोंगरावर चढवली, मग आकाशातून सुखरूप उतरवायच्या मागे लागला!

०६:०० – दोन फूटच का?

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा जागा होणार आहे, सांभाळून घ्या.

आपल्या लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीचं ६१०, म्हणजे दोन फूट. घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याची रुंदी बघा, साधारण तेवढंच. त्या ओट्यावरून अख्खी ट्रेन डोंगर चढते, अशी कल्पना करा.

मग इतकं अरुंद का? कारण वळणं. रूळ जितके रुंद, तितकं वळण मोठं घ्यावं लागतं. मोठं वळण घ्यायला डोंगर फोडा, बोगदे काढा, पूल बांधा, म्हणजे खर्चच खर्च. अरुंद रूळ डोंगराच्या अंगाला चिकटून, त्याच्या घड्यांप्रमाणे वळत जातात. या मार्गावर दोनशेहून जास्त वळणं आहेत. पुण्याला जाणाऱ्या मुख्य मार्गासारखी बोगद्यांची रांग इथे नाही.

आता चढ. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. मधला मार्ग सुमारे २१ किलोमीटर. हिशोब केला तर सरासरी दर २७-२८ मीटरला गाडी एक मीटर वर जाते. जिथे सगळ्यात जास्त चढ आहे तिथे २० मीटरला एक मीटर. बोरघाटात, जिथे मागून जादा इंजिनं लावून गाड्या ढकलतात, तिथला चढ ३७ ला एक आहे. आता तुलना करा! आणि माथेरानला दातेरी रूळ नाहीत. चाक आणि रूळ यांच्यातल्या नुसत्या घर्षणावर गाडी चढते.

अशा वळणांवर इंजिनाचा एक लोचा होतो. इंजिनाची सहा चाकं एका सांगाड्यात ताठ बसवली तर ती तीव्र वळणावर अडकतात. त्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या इंजिनांमध्ये क्लीन-लिंडनर नावाची रचना वापरली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा भक्कम आस, आणि दोघांच्या मधे खांद्यासारखा गोल सांधा. त्यामुळे चाकं वळणाबरोबर किंचित तिरकी होतात आणि बाजूलाही सरकतात. ताकद आतल्या आसातून, वळणं बाहेरच्या आसातून. मी पहिल्यांदा त्याचं चित्र बघितलं तेव्हा मनात म्हटलं, काय सुंदर कोड लिहिलंय!

अशी चार इंजिनं आली होती. त्यांचे नंबर ७३८ ते ७४१. यातलं ७४० आठवणीत ठेवा, ते शेवटी परत भेटणार आहे.

०९:३० – चला, वर जाऊया

उरणहून जायचं तर लोकलने नेरूळ, तिथून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून कर्जत लोकल. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. "नेरूळहून नेरळला" असा हा प्रवास आहे.

नेरळला मोठ्या प्लॅटफॉर्मच्या शेजारीच छोटी गाडी उभी असते. सुरुवातीला ती मुख्य मार्गाला समांतर धावते. शेजारून लांब पल्ल्याची गाडी धाडधाड निघून जाते आणि ही आपली डुलत डुलत. मग ती वळते आणि चढ सुरू होतो.

पहिलं स्टेशन जुम्मापट्टी. आसपास आदिवासी वाड्या आहेत, आणि घाटरस्ताही इथेच रुळांच्या जवळ येतो. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर ती मधल्या स्टेशनातच. पुढे भेकरा खिंडीच्या बाजूला रस्ता आणि रूळ पुन्हा एकमेकांना भेटतात. मग येतो माउंट बेरीचा भाग. इथे चढ इतका जास्त होता की गाडी थांबवून, उलट्या दिशेने ढकलत वर न्यायचा पर्याय समोर होता. तो टाळायला घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण घेतलं आणि त्यासाठी भराव घातला. खिडकीतून बघितलं तर आपण मघाशी जिथून आलो ते रूळ खाली दिसतात.

त्यानंतर या मार्गावरचा एकुलता एक बोगदा. नाव "वन किस टनेल". एका चुंबनापुरताच वेळ मिळेल इतका छोटा! आमच्या डब्यात बोगदा आला तेव्हा सगळ्यांनी नुसतं "हूऽऽऽ" केलं. एवढ्या वेळात आमच्याच्याने दुसरं काही होणं शक्य नव्हतं.

मग वॉटर पाइप स्टेशन, पुढे खोल कापलेले खडक, पॅनोरमा पॉइंटच्या बाजूची वळणं, आणि अमन लॉज. हे स्टेशन दस्तुरी नाक्याला लागून आहे. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे खासगी मोटारी इथेच थांबतात. पुढचे तीनेक किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा या गाडीने. शेवटचं स्टेशन माथेरान, थेट बाजारात.

२१ किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. ज्यांना हे बोअर वाटतं त्यांनी टॅक्सी करावी. माझं तर मोबाइलचं नेटवर्क गेलं आणि प्रवास सुधारला.

१३:२० – बंद, चालू, बंद, चालू

आता एपिसोडचा गाभा.

वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात निवृत्त झाली. डिझेल इंजिनं त्याआधीच, १९५० च्या दशकात, जर्मनीहून आली होती. पण या मार्गाचा खरा शत्रू इंजिनं नाहीत. शत्रू पाऊस आहे.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून आठवतो. त्या पावसात या मार्गाची दैना झाली. दुरुस्त होऊन गाडी परत धावली ती २००७ मध्ये, नेमकी शंभराव्या वर्षी. मग मे २०१६ चे अपघात आणि बंद. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज ते माथेरान शटल सुरू झाली, जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्ग. मधल्या काळात डब्यांना एअर ब्रेक आले, दरीच्या बाजूला कठडे आले. मग ऑगस्ट २०१९ चा पाऊस: पुन्हा वाट लागली. डिसेंबरात शटल सुरू झाली, पण नेरळपासूनची गाडी थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला. तीन वर्षांहून जास्त!

डोंगरात पावसाने रेल्वे मोडते म्हणजे नक्की काय होतं? रूळ तुटत नाही. रुळाखालची जमीन जाते. वरून ओढा येतो, खडी आणि भराव घेऊन जातो, आणि रूळ हवेत लटकत राहतात, वाळत घातलेल्या दोरीसारखे. मग नुसती खडी टाकून भागत नाही. ओढ्याला दुसरी वाट द्यावी लागते, खालून भिंत उचलावी लागते, आणि हे सगळं जिथे ट्रक पोचत नाही अशा ठिकाणी. म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात आणि वर फक्त शटल चालते.

प्रत्येक वेळी एक प्रश्न नक्की येतो: एवढा खर्च करून ही खेळण्यातली गाडी चालवायची कशाला? टॅक्सी आहेच की!

मला पूर्वी हा प्रश्न बरोबर वाटायचा. नंतर एका फेरीत शटलमध्ये माझ्या शेजारी गावातल्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. मी विचारलं, "आजी, फिरायला?" त्या म्हणाल्या, "फिरायला तुम्ही. मी घरी चाललेय." तिथे माझी बोलती बंद झाली. आपल्यासाठी टॉय ट्रेन, त्यांच्यासाठी घरची गाडी. जिथे मोटार जात नाही तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन किलोमीटर म्हणजे काय, हे मोरा बंदरावर ओहोटीच्या वेळी लाँचमधून उतरलेल्या उरणकराला वेगळं सांगायला नको.

१६:४५ – वेल्समधली वेडी माणसं

आता जरा लांब जाऊया. ब्रिटनच्या वेल्स भागात टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. १८६५ मध्ये दगडी पाटीच्या खाणीसाठी बांधलेली, रुळांची रुंदी सव्वादोन फूट, लांबी साधारण पावणेबारा किलोमीटर. १९४६ मध्ये खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता की मी आहे तोवर गाडी चालेल. त्यांनी तोट्यात चालवली आणि १९५० मध्ये ते वारले.

इथेच कथा संपायला हवी होती. पण टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅममध्ये एक सभा बोलावली. प्रश्न एकच: ही गाडी आपणच चालवली तर? एक संस्था उभी राहिली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी सुटली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. रूळ इतके कुजके होते की ते गवतानेच जागेवर धरून ठेवलेत, असा विनोद चालायचा.

लोक शनिवार-रविवारी यायचे. कोणी रूळ बदलायचं, कोणी तिकिटं फाडायचं, कोणी इंजिन पुसायचं. त्या स्वयंसेवकांत रेव्हरंड ऑड्री नावाचे धर्मगुरू होते. लहानपणी टीव्हीवर थॉमस नावाचं निळं इंजिन बघितलंय ना? त्या गोष्टी लिहिणारे हेच. त्यांच्या पुस्तकातली स्कारलोई रेल्वे म्हणजे ही टॅलिलिन. ती आजही चालते. काही पगारी माणसं आहेत, पण मोठा भार स्वयंसेवकांवर. आणि हौस आहे म्हणून कोणी थेट इंजिनात चढत नाही; आधी शिकायचं, मग जबाबदारी.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. ओपन सोर्स सॉफ्टवेअर असंच तर चालतं. अर्धं जग ज्यावर चालतं तो कोड कोणीतरी ऑफिस सुटल्यावर, फुकट, जपत असतो. लिहिणाऱ्याचं नाव होतं. जपणारा दिसत नाही.

१९:३० – मग आपल्याकडे का नाही?

सरळ उत्तर: नेरळ-माथेरान मध्य रेल्वेची आहे, चालू मार्ग आहे, डोंगरातला आहे. तिथे तुम्ही-आम्ही रविवारी जाऊन स्लीपर बदलू शकत नाही, आणि बदलूही नयेत. ब्रेकची चूक झाली तर खाली दरी आहे.

पण म्हणून आपल्या हातात काहीच नाही, असं मला वाटत नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. माथेरान संभाव्य यादीत थांबलेली आहे. वारसा नुसत्या रुळांचा नसतो, माणसांच्या आठवणींचाही असतो, आणि ते काम स्वयंसेवकांचंच आहे.

आता ७४० नंबर. चारपैकी हे इंजिन इंग्लंडला गेलं आणि लेटन बझर्ड नावाच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहात पोचलं. ती रेल्वे १९१९ मध्ये वाळू वाहायला बांधली होती, रूळ दोन फुटी, अगदी माथेरानएवढे. आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ती चालवतात स्वयंसेवक! म्हणजे आपल्या रायगडच्या डोंगरात आयुष्य काढलेलं इंजिन तिकडे अशा लोकांच्या हातात आहे, ज्यांनी कदाचित माथेरान बघितलंही नसेल. मला याचा अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते.

म्हणून तुमच्यासाठी तीन छोटी कामं.

एक, गाडीने जा. टॅक्सीने वर जाऊन गाडीसोबत सेल्फी नाही. तिकीट काढून, बसून. जमलं तर शनिवार-रविवार सोडून, आणि गाडी चालू आहे का ते आधी बघून. आमच्यासारखं करू नका.

दोन, पुढच्या पावसाळ्यात मार्ग बंद पडला आणि हिवाळा आला तरी सुरू झाला नाही, तर विचारा. दोन वर्षं कोणी विचारलंच नाही, तर "कोणाला हवीय ती गाडी" हे म्हणणं सोपं होतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरात, चाळीत, गावात कोणी या मार्गावर काम केलेलं असेल, ट्रॅकमन, ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनवरचे हमाल, तर त्यांच्याशी बोला. खिशात रेकॉर्डर आहेच, मोबाइल. दहा मिनिटं पुरेत. पावसात रात्री मार्ग कसा तपासायचे? वाफेचं इंजिन चढावर थांबलं तर काय करायचे? हे कुठल्याही फाइलमध्ये सापडणार नाही. ते त्या माणसांच्या डोक्यात आहे आणि त्याचा बॅकअप नाही. रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवा. पुरेसे आवाज जमले तर एक पूर्ण एपिसोड फक्त त्यांचा करू, मी मधे बडबडणार नाही.

१९०७ मध्ये एका बापलेकाला ही गाडी हवी होती. २००७, २०१८ आणि २०२२ मध्ये कोणीतरी चिखलात उभं राहून ती परत चालू केली. २०१६ मध्ये मी ज्या गंजलेल्या रुळांकडे बघून "संपलं" म्हणालो होतो, त्यांच्यावरून नंतर मीच बसून गेलो. पुढच्या वेळी "संपलं" म्हणायच्या आधी मी थोडा थांबेन.

आणि हो, आमचा तो नेरूळवाला मित्र. तो हा एपिसोड ऐकतोय. त्याच्यासाठी पुन्हा एकदा: ळ च्या आधी उकार नाही रे बाबा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि खिडकीची जागा मिळाली तर मोबाइल खिशात ठेवा.